कुलूप नंतर, आधी ड्यूटी-चार्ट

वाचकाचं पत्र:

ताई, मी एका वृद्धनिवासाचं व्यवस्थापन पाहते. आमच्याकडे 40 निवासी आहेत, त्यांतल्या 14 जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. एक काका रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास फाटकापाशी जातात आणि 'उशीर झाला, घरी जायचंय' म्हणत कडी हलवत राहतात. समजूत घातली की जास्तच भडकतात. एक आजी एरवी शांत असतात, पण आंघोळीला नेलं की किंचाळतात. गेल्या महिन्यात त्यांनी आमच्या एका सेविकेला चावा घेतला. कर्मचारी टिकत नाहीत. या 14 जणांसाठी वरच्या मजल्यावर कुलूपबंद विभाग करावा असं विश्वस्तांच्या मनात आहे. आर्किटेक्टने परदेशातल्या एका 'डिमेन्शिया गावा'चे फोटो दाखवले, तेव्हापासून सगळे भारावलेत. माणसं वाढवायला पैसे नाहीत, बांधकामाला मात्र देणगीदार मिळेल म्हणतात. काळजीचं कुठलं मॉडेल आम्ही घ्यावं?
– एक व्यवस्थापक

नमस्कार,

बांधकामाला देणगीदार मिळतो, पगाराला मिळत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण अर्धी अडचण त्यातच आहे. भिंतीवर नाव कोरता येतं, संध्याकाळच्या पाळीवर कोरता येत नाही.

मॉडेलचं थोडं थांबू दे. आधी त्या आजी आणि ते काका. त्यांच्या आंघोळीचं आणि सहा वाजण्याचं उत्तर ज्या मॉडेलकडे नाही, ते कितीही देखणं असलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही.

एरवी शांत असणारं माणूस ठरावीक वेळीच चावत असेल, तर 'आजारच तसा आहे' म्हणून सोडून देऊ नका. त्या वेळी आजींच्या अंगाशी नेमकं काय होतं ते कुणीतरी नीट पाहायला हवं. बाही काढायला हात वर केला की खांदा दुखतो का? पाणी थेट डोक्यावर पडतं का? खोलीपासून न्हाणीघरापर्यंत त्यांना कसं नेतात, अंगावर काय असतं? आणि मुख्य म्हणजे, रोज एकच सेविका नेते की ज्या दिवशी जी मोकळी असेल ती? आपण कुठे आहोत हे ज्यांना उमगत नाही, त्यांचे कपडे अनोळखी हात काढू लागले तर त्या काय करतील? तुम्ही-मी जे करू, तेच.

दुखण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हे फार वेळा निसटतं. नॉर्वेतल्या 18 नर्सिंग होममधल्या 352 निवासींवर केलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना मध्यम ते तीव्र डिमेन्शिया होता आणि सगळ्यांचं वागणं अस्वस्थ, आक्रमक असायचं. एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीनं वेदनाशामक दिलं, त्यांतल्या बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. त्या गटातली अस्वस्थता 17 टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे ज्याला आपण 'स्वभाव बिघडला' म्हणत होतो, त्यातला काही भाग सांगता न आलेलं दुखणं होतं. आजींचे सांधे, दात, पायाची नखं, पाठीवरची त्वचा, बद्धकोष्ठता, हे सगळं एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखतंय का असं विचारून उत्तर मिळेलच असं नाही. हालचाल करताना चेहरा कसा होतो ते पाहावं लागतं.

आंघोळीला पर्यायही आहे. पलंगावरच, अंग पूर्ण झाकलेलं ठेवून, कोमट ओल्या टॉवेलनं एकेक भाग पुसत जायचं आणि पुसून झाला की लगेच झाकायचा. ही पद्धत आणि शॉवरखालचीच, पण त्या व्यक्तीच्या कलानं घातलेली आंघोळ, या दोन्हींची अमेरिकेत नीट चाचणी झाली, 2004 मध्ये तिचे निष्कर्ष आले. दोन्हींमुळे मारणं-ओरडणं स्पष्ट कमी झालं. पण तुमच्या ड्यूटी-चार्टवर 'सकाळी आठपर्यंत सगळ्यांच्या आंघोळी' असं लिहिलेलं असेल, तर सेविकेला यातलं काहीच करता येणार नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

आणि जिला चावा बसला, तिच्याशी कुणी बोललं का? जखमेवर मलमपट्टी झाली असेल. पण 'तुला काय वाटतं, त्या का चावल्या?' असं कुणी विचारलं? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न डॉक्टरांना विचारतात, मानसतज्ज्ञांना विचारतात, आजींच्या मुलाला फोन लावून विचारतात. ज्या बाईचा हात त्यांच्या तोंडापाशी होता, तिला सोडून सगळ्यांना. कर्मचारी टिकत नाहीत असं तुम्ही लिहिता, त्यात पगाराचा भाग आहेच. पण मार खायचा आणि त्याबद्दल आपल्याला काही कळतं असं कुणी मानायचंही नाही, हे कुणाला किती दिवस सोसवेल?

आता काका. तुमच्याकडे संध्याकाळची पाळी किती वाजता बदलते, हे पत्रात नाही. पण सहाच्या आसपास बदलत असेल अशी मला दाट शंका आहे. दिवसभर ओळखीचे वाटणारे चेहरे अचानक पिशव्या खांद्याला लावतात, एकमेकींना 'चल, निघते' म्हणतात आणि फाटकाकडे चालू लागतात. काका ते पाहतात आणि अगदी बरोबर अर्थ काढतात की घरी जायची वेळ झाली. त्यात उजेड उतरलेला, सावल्या लांबलेल्या, दिवसाचा थकवा. संध्याकाळी वाढणाऱ्या या घालमेलीला डॉक्टर लोक सनडाउनिंग म्हणतात आणि ती अनेकांत दिसते. पण तिला नाव मिळालं म्हणून आपण हात टेकायचे असं नाही. पाळी तासभर आधी किंवा नंतर बदलून पाहा. निघणाऱ्यांना मागच्या दारानं जाऊ द्या. अंधारायच्या आधीच दिवे लावा. काका आयुष्यभर काय काम करत होते ते शोधा आणि साडेपाचला, म्हणजे घालमेल सुरू होण्याआधी, त्या कामाच्या जवळपासचं काहीतरी खरंखुरं काम त्यांच्या हाती द्या. खरंखुरं म्हणजे ज्याचा कुणाला तरी उपयोग आहे असं. मणी ओवायला देऊ नका.

फाटकापाशी पोचलेच, तर वाद नको. 'तुमचं घर आता नाही', 'तुमच्या पत्नी गेल्या' हे सत्य त्यांना दरवेळी नव्यानंच कळतं आणि दरवेळी तितकंच लागतं. म्हणून बनाव रचायचा असंही नाही. जर्मनीत काही संस्थांनी आवारात खोटे बसथांबे उभारले, जिथे बस कधीच येत नाही. घाबरलेलं माणूस तिथे बसून शांत होतं, हे खरं असेलही. मला तो प्रकार आवडत नाही. 'घरी कोण वाट बघतंय?' असं विचारत सोबत दोन फेऱ्या मारणारी सेविका मला जास्त पटते. तिला खोटंही बोलावं लागत नाही आणि भांडावंही लागत नाही. फक्त त्या वेळी तिच्याकडे दहा मिनिटं मोकळी हवीत. पुन्हा चार्टच आडवा येतो.

त्या गावाविषयी. आर्किटेक्टने दाखवलेलं ठिकाण बहुधा नेदरलँड्समधल्या वेस्प इथलं होगेवेक असावं. 2009 मध्ये ते उभं राहिलं. चौक आहे, बाग आहे, दुकान आहे, आणि निवासी आवारात मोकळे फिरतात. फोटो सुंदर येतात. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी, की तिथे पूर्वी एक साधं नर्सिंग होम होतं, लांबलचक कॉरिडॉर आणि वॉर्ड असलेलं. 1990च्या दशकात तिथल्या लोकांनी स्वतःला विचारलं, की आपल्या आईवडिलांना इथे ठेवावंसं वाटेल का? उत्तर अडचणीचं आलं. मग त्यांनी त्याच जुन्या इमारतीत काम करायची पद्धत आधी बदलली. सहा-सात जणांची घरं केली, सारख्या जीवनशैलीची माणसं एकत्र ठेवली, स्वयंपाकापासून कपडे धुण्यापर्यंतचा संसार त्या घरातच आणला आणि प्रत्येक घराला ठरलेली माणसं दिली. नवं बांधकाम बऱ्याच वर्षांनी, मुख्यतः सरकारी पैशातून झालं. तुमचे विश्वस्त नेमका उलटा क्रम धरतायत. शिवाय तिथल्या मांडणीमुळे निवासींचं किती भलं होतं, याचं काटेकोर मोजमाप केलेले अभ्यास फार नाहीत. जगभर कौतुक खूप झालं, पुरावा त्या मानानं थोडा आहे.

लहान घराची ही कल्पना इतरांनीही वेगवेगळ्या वाटांनी गाठली. जपानमध्ये डिमेन्शियासाठीची ग्रुप होम आहेत, त्यांत एका घरात जास्तीत जास्त 9 जण. अमेरिकेत बिल थॉमस या डॉक्टरच्या कल्पनेतून 2003 मध्ये मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो इथे पहिली 'ग्रीन हाउस' घरं सुरू झाली, प्रत्येकी दहा जणांची. तिथे स्वयंपाक, साफसफाई आणि अंगाची काळजी ही कामं वेगवेगळ्या खात्यांत वाटलेली नाहीत. त्या घरातली तीच माणसं सगळं पाहतात आणि दिवस कसा घालवायचा ते तीच ठरवतात. परिचारिका आणि डॉक्टर लागतील तसे येतात. या तिन्ही ठिकाणी भिंती वेगळ्या आहेत, पण माणसं थोडी, चेहरे तेच, आणि निवासींजवळ जो उभा आहे त्याला निर्णयाची मुभा, एवढं तिन्हीकडे सारखं आहे. तुम्ही मॉडेल विचारलंत, तर माझ्या लेखी ते एवढंच आहे.

याच दिशेनं विचार मांडणारा एक म्हणजे टॉम किटवूड, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. 1997 मध्ये त्याचं पुस्तक आलं, पुढच्याच वर्षी तो गेला. माणूस खचतो तो फक्त मेंदूच्या आजारानं नाही, आजूबाजूच्यांच्या वागण्यानंही, असं त्याचं म्हणणं होतं. आणि हे वागणं दुष्ट लोकांचं नसतं, चांगल्या, थकलेल्या लोकांचं असतं. घाई करणं. लहान मुलासारखं बोलणं. समोर बसलेल्या माणसाबद्दल त्याच्या डोक्यावरून तिसऱ्याशी बोलणं. हाक मारली तरी न वळणं. खुर्ची ढकलायची तर न सांगताच ढकलणं. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे टिपायची एक रीतही बसवली. प्रशिक्षित निरीक्षक दिवाणखान्यात बसतो आणि दर पाच मिनिटांनी काही ठरावीक निवासी काय करतायत आणि त्यांचा मूड कसा आहे ते खुणांमध्ये नोंदवत जातो. काही तास.

तुमच्याकडे प्रशिक्षित निरीक्षक नाही. पण वही आहे. एका दिवशी सकाळी दहा ते एक आणि दुसऱ्या दिवशी चार ते सात, कोपऱ्यात बसा. चार-पाच जण निवडा आणि दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहा: काय करत होते, कोण बोललं, चेहरा कसा होता. शक्य झालं तर एखाद्या विश्वस्तांनाही शेजारी बसवा, त्यांच्या हातात वेगळी वही देऊन. भाषण न करता त्यांचं मत बदलण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. तीन तासांत एखाद्या आजींशी कुणी बोललं ते फक्त 'तोंड उघडा' एवढंच, हे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं की बांधकामाचा नकाशा आपोआप जरा बाजूला सरकतो.

एवढ्याशा बोलण्यानं फरक पडतो, ही अतिशयोक्ती नाही. इंग्लंडमध्ये 69 केअर होममधल्या 800हून अधिक निवासींवर एक मोठा अभ्यास झाला, 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्री काळजीचं प्रशिक्षण दिलं, आणि प्रत्येक निवासीला आठवड्याला साधारण एक तास त्याच्या आवडीनिवडीवर गप्पा किंवा सोबत मिळेल असं पाहिलं. आठवड्याला एक तास, रोज नव्हे. निवासींचं जगणं सुधारलं, अस्वस्थता कमी झाली आणि एकूण खर्च नेहमीच्या काळजीपेक्षा कमीच आला. माणसं वाढवता येत नाहीत असं सांगणाऱ्या विश्वस्तांपुढे ठेवायचा आकडा हा आहे.

आता तो चार्ट. 14 जणांचे सात-सात असे दोन गट करा, आहेत त्याच खोल्यांत. प्रत्येक गटाला ठरलेल्या सेविका द्या आणि त्यांना दर आठवड्याला फिरवू नका. 'सगळ्यांना सगळं यायला हवं' म्हणून कर्मचारी फिरवण्याची जी पद्धत आहे ती व्यवस्थापनाच्या सोयीची आहे, डिमेन्शिया असलेल्या माणसाला ती रोज नवं घर दाखवते. वेळापत्रकातून आंघोळीची वेळ काढून टाका. दिवसभरात, किंवा दिवसाआड, केव्हाही चालेल असं लिहून द्या. लिहूनच द्या, तोंडी सांगू नका, नाहीतर पहिल्याच तपासणीला सेविका घाबरून जुन्यावर येईल. तुमच्या मुख्य परिचारिका विरोध करतील, आणि त्यांची बाजू समजून घ्या. काही राहून गेलं तर जाब त्यांनाच विचारला जातो. म्हणून 'आज आंघोळ नाही, कारण…' अशी एक ओळ नोंदवायची सोय करा. नोंद असली की त्यांनाही धीर येतो. दर आठवड्याला अर्धा तास, फक्त त्या गटाच्या सेविकांनी बोलायचं, कोण कशानं बिथरलं, कोण कशानं खुललं. तुम्ही बसा, पण ऐका. नातेवाइकांकडून प्रत्येकाची पानभर माहिती मागा: काम काय होतं, कुणावर जीव, कशाची भीती, उठायची-झोपायची सवय. ही पानं फायलीत ठेवू नका, सेविकांच्या हाताशी ठेवा.

झोपेच्या आणि 'शांत ठेवायच्या' गोळ्यांविषयी सांगायलाच हवं, कारण माणसं कमी पडली की त्या वाढतात. मनोविकारांवरची काही औषधं डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये दिला. इंग्लंडमध्ये 2009च्या सरकारी अहवालात अंदाज होता, की तिथे डिमेन्शियाच्या सुमारे 1,80,000 लोकांना ही औषधं दिली जात होती, फायदा फार तर 36,000 जणांना होत होता आणि या औषधांमुळे वर्षाला 1,800 जादा मृत्यू होत होते. कधीकधी ती लागतात, तीव्र भ्रम असतील किंवा स्वतःला-दुसऱ्याला इजा होत असेल तेव्हा. पण 14 जणांची यादी घेऊन डॉक्टरांबरोबर बसा आणि एकेका गोळीबद्दल विचारा, कधी सुरू झाली, कशासाठी, अजून हवी का. मनानं मात्र एकही बंद करू नका.

राहिला कुलूपबंद मजला. मी कुलपाच्या विरोधात तत्त्वज्ञान सांगणार नाही. माणूस रस्त्यावर गेला तर जीव जाऊ शकतो आणि जाब तुम्हाला द्यावा लागतो. होगेवेकलाही बाहेर जायचं दार एकच आहे आणि त्यावर लक्ष असतंच. पण बाहेर जायचा प्रयत्न 14 पैकी किती जण करतात? दोघं? तीन? त्यांच्यासाठी सगळ्यांना कोंडायचं, आणि तेही वर, जिथे बाग नाही, पाय मोकळे करायला जागा नाही, येणारंजाणारं कुणी दिसत नाही, याला माझा साफ विरोध आहे. ज्या दाराची कडी हाताशी दिसते ते दार वाजतच राहणार. तळमजल्यावर, कुंपणाच्या आत, सुरुवातीला परत आणून सोडणारी चालायची वाट हवी. फाटक नजरेआड जाईल असं काही तरी. शौचालयाचं दार मात्र ठळक रंगाचं आणि पलंगावरून दिसणारं, कारण निम्मी भटकंती तेच शोधण्यात जाते असं तुमच्या वहीत सापडलं तर मला नवल वाटणार नाही. देणगीदाराला बांधायचंच असेल तर हे बांधू दे, नावाची पाटीही लागेल.

विश्वस्तांकडे तीन महिने मागा. त्या काळात पडणं, चावणं-मारणं, शांत ठेवायच्या गोळ्या, निवासींचं वजन आणि सेविकांच्या गैरहजेऱ्या मोजा. 'किती उपक्रम घेतले' ते मोजू नका, तो आकडा नेहमी वाढताच दाखवता येतो. तीन महिन्यांनी काही बदललं नाही, तर मला जरूर लिहा आणि आकडेही पाठवा.

ता.क. वरचं सगळं हळूहळू बदलणाऱ्या वागण्याबद्दल आहे. कुणी एक-दोन दिवसांत अचानक बदललं, म्हणजे गुंगीत गेलं, ओळखेनासं झालं, दिवसभर झोपून रात्री भ्रमात बडबडू लागलं, तर तो डिमेन्शिया वाढला असं समजून थांबू नका. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, लघवी अडणं, नवं औषध किंवा पडून झालेली दुखापत यांतलं काहीही असू शकतं, आणि त्यावर इलाज असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. ही सूचना रात्रपाळीच्या टेबलावर चिकटवून ठेवा.